पासवर्ड बरोबर, तरी मेल बंद: घरच्या कॉम्प्युटरवरच्या एका खात्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या ताई घरून भाषांतराची कामं करतात. त्यांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. नऊ वर्षांपूर्वी घरातल्याच कुणीतरी त्यांना डेस्कटॉपवर मेल प्रोग्राम बसवून दिला, खातं जोडून दिलं, आणि तेव्हापासून त्या सेटिंगला कुणी हात लावला नव्हता. लावायचं कारणही नव्हतं. सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की मेल येत, उत्तरं जात, जुनं काही हवं असेल तर शोधचौकटीत दोन शब्द टाकले की सापडे. करार, दुरुस्त्या केलेल्या फाइली, कुठल्या शब्दाला कुणी काय पर्याय सुचवला होता त्याच्या चर्चा, सगळं त्या एका खिडकीत साठलं होतं.

दोन वर्षांपूर्वी तेच खातं फोनवरही जोडलं. फोनवर मात्र थोडेच मेल दिसायचे, मागच्या दोनेक आठवड्यांचे. ताईंनी त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला होता: फोन लहान, त्यात मावणार तरी किती. या प्रकरणातला सगळ्यात मोठा सुगावा हाच होता आणि तो दोन वर्षं घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता.

अडचण

एके दिवशी प्रोग्रामनं पासवर्ड मागितला. ताईंनी टाकला. पुन्हा मागितला. पुन्हा टाकला. खिडकी मिटायची आणि दोन सेकंदांत परत उघडायची. तोच पासवर्ड ब्राउझरमध्ये टाकला तर खातं बिनतक्रार उघडत होतं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पासवर्ड बदलून पाहिला. त्यानं डेस्कटॉप सुधारला नाहीच, उलट आता फोनही साइन-इन मागू लागला. तेव्हा मात्र त्या घाबरल्या. खातं कुणीतरी हॅक केलं असावं असं त्यांच्या मनानं घेतलं. सहाव्या दिवशी एका नातेवाइकानं सल्ला दिला की खातं प्रोग्राममधून काढून टाक आणि नव्यानं जोड, सगळं ठीक होईल. खातं काढायच्या बटणापर्यंत त्या पोचल्या होत्या. तिथे प्रोग्रामनं एक चौकट दाखवली, ‘मेलचा साठाही पुसायचा का’ अशा अर्थाची, आणि त्या थबकल्या. तेव्हा मला फोन आला.

“काहीही काढू नका, ताई. चौकट रद्द करा आणि प्रोग्राम बंद करा. मी येतो.”

“अरे पण मेल तर सर्व्हरवर असतातच ना? काढलं तरी परत येतील.”

त्या घटकेला याचं उत्तर मलाही माहीत नव्हतं. खातं पॉपवर आहे की आयमॅपवर, म्हणजे सर्व्हरवरून (मेल सेवेच्या दूरच्या कॉम्प्युटरवरून) मेल पाहायच्या या दोन पद्धतींपैकी कुठल्या पद्धतीनं चालतंय, हे पाहिल्याशिवाय ते सांगताच येत नाही. म्हणून ‘थांबा’ एवढंच म्हणालो. पुढे जे कळलं ते पाहता, सगळ्या कामात माझा सर्वांत उपयोगी पडलेला शब्द तोच.

तपासणी

पोचल्यावर आधी फोनला नव्या पासवर्डनं पुन्हा साइन-इन करून दिलं, त्याची तक्रार तेवढीच होती. मग ब्राउझरमध्ये खातं उघडलं. भीती हॅकची होती, म्हणून अलीकडे कुठून कुठून साइन-इन झालं त्याची यादी पाहिली. सगळी नोंद त्यांच्याच दोन यंत्रांची. मेल परस्पर दुसऱ्या पत्त्यावर पाठवणारा एखादा नियम कुणी लावून ठेवलाय का, तेही पाहिलं. नव्हता. ही पाच मिनिटं मी कधीच वाचवत नाही, कारण माणूस घाबरलेला असताना पुढचं काही त्याच्या डोक्यात शिरत नाही.

कॉम्प्युटरचं घड्याळ बरोबर होतं. ते मागेपुढे असलं तर सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र खोटं ठरतं आणि जोडणीच होत नाही. अँटिव्हायरस मध्ये पडून मेलची जोडणी तपासत नव्हता. या दोन्ही शंका लगेच फिटल्या.

मग इनबॉक्सकडे वळलो. सर्व्हरवर मेल होते १६३, आणि सर्वांत जुना वीस दिवसांपूर्वीचा. डेस्कटॉपच्या प्रोग्राममध्ये, नेटची जोडणी बंद ठेवून पाहिलं, तर इनबॉक्समध्ये सव्वीस हजारांवर मेल, आणि ‘पाठवलेले’मध्ये नऊ हजारांच्या घरात. सर्व्हरच्या ‘पाठवलेले’मध्ये मात्र फोनवरून लिहिलेली चाळीसेक उत्तरं, बाकी काही नाही.

वीस हा आकडा मला खटकला. असे मुदतीचे आकडे सहसा सात, चौदा किंवा तीस असतात. खात्याचं सेटिंग उघडलं. सर्व्हरचा प्रकार: पॉप. पोर्ट, म्हणजे जोडणीच्या दाराचा क्रमांक, ९९५. आणि त्याच्या खाली एक टिचकी, म्हणजे निवडीची खूण: ‘मेल सर्व्हरवर ठेवा, जास्तीत जास्त १४ दिवस’. प्रोग्राम बंद पडून झाले होते सहा दिवस. चौदा आणि सहा, वीस. शेवटचं यशस्वी लॉगिन झालं तेव्हा प्रोग्रामनं चौदा दिवसांपेक्षा जुनं सगळं सर्व्हरवरून पुसलं होतं, आणि त्यानंतर आत जाता न आल्यामुळे पुढचं पुसणं थांबलं होतं. हिशेब जुळला आणि पोटात गोळाही आला. याचा अर्थ एवढाच होता की नऊ वर्षांचा पत्रव्यवहार जगात एकाच ठिकाणी होता, माझ्यासमोरच्या नऊ वर्षं जुन्या हार्ड डिस्कवर. बॅकअप कधीही घेतलेला नव्हता.

इथे पॉप आणि आयमॅप यांतला फरक थोडा सांगायलाच हवा. पॉपचा पहिला मसुदा १९८४चा, आजही वापरात असलेली तिसरी आवृत्ती १९९६ साली पक्की झाली. तिची कल्पना टपालपेटीसारखी: सर्व्हरवर पत्रं काही काळ थांबतात, तुम्ही ती घरी आणता, पेटी रिकामी होते. मूळ प्रत घरात. आयमॅप मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ साली आखला, तो उलट गृहीत धरून. पत्रं सर्व्हरवरच राहतात, आणि घरचा कॉम्प्युटर, फोन, ब्राउझर या तिन्ही खिडक्या एकाच कपाटाकडे पाहतात. ताईंच्या घरात डेस्कटॉप पॉपनं चालत होता आणि फोन आयमॅपनं. डेस्कटॉप पेटी रिकामी करत होता, फोन उरलेलं दाखवत होता. फोनमध्ये जागा कमी पडत होती असं मुळीच नव्हतं.

राहिला पासवर्डचा प्रश्न. मेल सेवांनी गेल्या काही वर्षांत बाहेरच्या प्रोग्रामना नुसत्या पासवर्डवर आत घेणं बंद करत आणलं आहे. गूगलनं वैयक्तिक खात्यांसाठी ३० मे २०२२पासून, मायक्रोसॉफ्टनं वैयक्तिक आऊटलुक खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४पासून ती वाट बंद केली. त्याऐवजी ओऑथ नावाची पद्धत आली. त्यात प्रोग्राम तुमचा पासवर्ड स्वतःकडे घेतच नाही, तो ब्राउझरसारखी साइन-इनची खिडकी उघडतो, आणि तिथून मिळालेल्या परवान्यावर काम करतो. ताईंची मेल सेवाही याच वाटेनं गेली होती. तिनं त्याची सूचना पाठवली होती, तीन महिन्यांपूर्वी, मेलनंच. ती त्यांच्या इनबॉक्समध्ये न उघडलेली सापडली. त्यांच्या प्रोग्रामची आवृत्ती मात्र इतकी जुनी की तिला ओऑथ माहीतच नव्हतं.

मग प्रोग्राम ‘पासवर्ड चुकीचा’ असं का म्हणत होता? कारण पॉपच्या मूळ नियमांत सर्व्हरकडे दोनच ठरलेली उत्तरं आहेत: ठीक, किंवा चूक. ‘तुझा पासवर्ड बरोबर आहे पण ही पद्धत आता चालत नाही’ असं सांगायला वेगळी खूण नाही. आली तरी ती इंग्रजी वाक्याच्या रूपानं शेपटासारखी येते, आणि जुना प्रोग्राम ते शेपूट न वाचता आपला नेहमीचा अंदाज छापतो. ताई सहा दिवस त्या अंदाजाशी भांडत होत्या. पासवर्ड चुकत नाही अशी स्वतःची खात्री असेल आणि ब्राउझरही तेच सांगत असेल, तर त्या खिडकीवर विश्वास ठेवू नये.

कोणते पर्याय होते

सगळ्यात सोपा पर्याय: सेवेकडून ॲप पासवर्ड घ्यायचा. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू केली की अनेक सेवा जुन्या प्रोग्रामसाठी असा वेगळा पासवर्ड बनवून देतात. गूगलचा सोळा अक्षरांचा असतो. तो जुन्या चौकटीत टाकला की दहा मिनिटांत मेल सुरू. ताईंना हे फार पटलं होतं, आणि का पटू नये? त्यांची दोन कामं अडून पडली होती. पण मेल सुरू होताच तो प्रोग्राम चौदा दिवसांपूर्वीचं पुसण्याचं काम तिथूनच पुढे चालू करणार होता, आणि मूळ प्रत त्याच म्हाताऱ्या डिस्कवर राहणार होती.

दुसरा पर्याय नातेवाइकानं सांगितलेला: काढा आणि आयमॅपनं जोडा. आयमॅप खात्यात हा सल्ला बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो, म्हणून तो इतका पसरला आहे. इथे तो पाळला असता, आणि त्या चौकटीत ‘साठाही पुसा’वर टिचकी राहिली असती, तर नव्या खात्यात वीस दिवसांचे मेल आले असते आणि नऊ वर्षं गेली असती.

तिसरा पर्याय ताईंनी स्वतः सुचवला: “मी ब्राउझरमध्येच वापरीन की. हा प्रोग्रामच नको.” हा विचार वाईट नव्हता. पण जुना साठा कुठेतरी उघडावा लागणारच होता. शिवाय नेट नसताना जुनी पत्रं चाळायची त्यांची सवय खरी कामाची होती.

चौथा, आम्ही निवडला तो: आधी साठ्याची प्रत घ्यायची. मग प्रोग्रामची नवी आवृत्ती बसवायची, त्यात जुन्या पॉप खात्याला हात न लावता त्याच्या शेजारी तेच खातं आयमॅपनं जोडायचं, आणि जुने मेल हळूहळू योग्य जागी न्यायचे. पॉप खात्याचा नुसता प्रकार बदलून त्याचं आयमॅप करता येत नाही, शेजारी नवं मांडावंच लागतं. याला दोन दिवस लागतील असं मी आधीच सांगितलं. अडलेल्या कामांपुरते त्या दोन दिवस ब्राउझरमधून मेल पाठवतील असं ठरलं.

काय केलं

प्रत घेणं. प्रोग्राम पूर्ण बंद करून त्याचा साठ्याचा फोल्डर शोधला. मेल प्रोग्राम साठा वेगवेगळ्या तऱ्हांनी ठेवतात. आऊटलुकसारखे सगळं एका पीएसटी फाइलीत भरतात, थंडरबर्डसारखे दर फोल्डरमागे एक लांबलचक मजकुराची फाइल करतात, तिला एमबॉक्स म्हणतात. ताईंचा प्रोग्राम दुसऱ्या जातीचा. ‘इनबॉक्स’ नावाची एकच फाइल ११.४ जीबीची निघाली.

माझ्याकडे ६४ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह होता. फाइल ओढली तर संदेश आला की फाइल या जागेसाठी फार मोठी आहे. ताई लगेच म्हणाल्या, “अरे, चौसष्टमध्ये अकरा मावत नाहीत?” मावतात, पण पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीनं आखलेला (फॉर्मॅट केलेला) होता, आणि त्या पद्धतीत एकेक फाइल चार जीबीच्या आतच असावी लागते, मोकळी जागा कितीही असो. पेनड्राइव्ह एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीनं नव्यानं आखला आणि फाइल गेली. दुसरी प्रत ताईंच्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतली. नुसती घेऊन थांबलो नाही. माझ्या लॅपटॉपवर, नेट बंद करून, ती प्रत उघडली, पहिल्या वर्षातला एक मेल जोडपत्रासकट उघडून दाखवला. ते जोडपत्र पाहिल्यावर ताईंनी पहिल्यांदा पाठ खुर्चीला टेकवली.

माझी चूक. यानंतर नवी आवृत्ती बसवली आणि सुरू केली. बेत असा होता की सुरू होताच पॉप खात्याचं आपोआप मेल आणणं बंद करायचं, ती चौदा दिवसांची टिचकी काढायची, आणि मग पुढचं. पण प्रोग्राम उघडताच साइन-इनची खिडकी आली, नव्या पद्धतीची, सुबक, आणि इतका वेळ हीच खिडकी यावी म्हणून आम्ही झटत होतो. मी ताईंना म्हणालो, टाका पासवर्ड. त्यांनी टाकला. फोनवर आलेल्या सूचनेला ‘होय’ केलं.

साइन-इन झालं ते पॉप खात्याचं. प्रोग्रामनं सहा दिवसांचे नवे मेल आणले आणि लगेच आपलं नऊ वर्षांचं काम केलं. फोन टेबलावरच होता. आमच्यादेखत त्यावरची यादी खालून आखूड झाली. ब्राउझरमध्ये पाहिलं तर १६३चे ११४ झालेले. एकोणपन्नास मेल सर्व्हरवरून गेले, कचरापेटीतही नव्हते.

“माझं ते पत्र कुठे गेलं?” ताईंनी सतरा दिवसांपूर्वीच्या एका मेलवर फोनमध्ये तारा लावून ठेवला होता, उत्तर द्यायचं म्हणून. तो गेलेल्यांत होता.

हरवलं काहीच नव्हतं. ते एकोणपन्नास मेल पूर्वीच डेस्कटॉपवर आलेले होते आणि त्याच्या आता दोन प्रतीही होत्या. पण ज्या माणसाला मी अर्ध्या तासापूर्वी ‘काळजी करू नका’ म्हणालो, त्याच्या डोळ्यांसमोर मेल नाहीसे झाले, आणि ते माझ्या हातून. पॉपमध्ये पुसण्याच्या खुणा आधी नुसत्या लावल्या जातात, प्रोग्रामनं ‘निघतो’ असा निरोप दिल्यावरच सर्व्हर त्या अमलात आणतो. म्हणजे तेवढ्यात नेटची वायर उपसली असती तरी पुसणं टळलं असतं. पण ते सगळं काही सेकंदांत उरकलं. वायर आधीच काढलेली असायला हवी होती.

आयमॅप जोडणं. आता मात्र जोडणी तोडली, पॉप खात्याची आपोआप तपासणी बंद केली, चौदा दिवसांची अट काढली, आणि मगच नेट सुरू केलं. शेजारी आयमॅप खातं जोडलं: येणारे मेल पोर्ट ९९३, जाणारे ५८७, दोन्हीकडे ओऑथ. दोन मिनिटांत ११४ मेल दिसले. फोनला नव्या पासवर्डनं पुन्हा साइन-इन करून दिलं, त्याची तक्रार तेवढीच होती.

मग तो सतरा दिवसांपूर्वीचा मेल जुन्या इनबॉक्समधून आयमॅपच्या इनबॉक्समध्ये नक्कल केला. मिनिटभरात तो फोनवर परत दिसला. मला यात आणखी एक गोष्ट पाहायची होती. असा चढवलेला मेल सर्व्हर कधीकधी आजच्या तारखेनं दाखवतो, आणि हजारो मेलांचं तसं झालं तर क्रमाचा चुराडा होतो. इथे तारीख मूळचीच राहिली. चुकीतून आलेला तो एक मेल आमची पहिली चाचणी ठरला.

जुन्या साठ्याचं काय करायचं. सगळ्यात जास्त वेळ गेला तो या निर्णयात. आधी साठ्याचा खरा आकार काढला. एमबॉक्स फाइलीत पुसलेला मेल लगेच जात नाही, त्यावर पुसल्याची खूण तेवढी लागते. फोल्डर आवळण्याची आज्ञा दिली की तो मजकूर खरा निघतो. नऊ वर्षांत ती कुणी दिली नव्हती. आवळल्यावर ११.४चे ६.८ जीबी झाले. ‘पाठवलेले’ धरून नऊच्या आत. हे मी प्रत घेण्याआधी कधीच केलं नसतं, कारण आवळताना प्रोग्राम अख्खी फाइल नव्यानं लिहितो आणि मध्येच वीज गेली तर भलतंच होऊ शकतं.

सर्व्हरवर एकूण जागा १५ जीबी, त्यातली सात फोटोंनी धरलेली. नऊ जीबी त्यात बसणार नव्हते. जागा विकत घेता आली असती. ताईंनी वेगळाच प्रश्न काढला: “आत्ता मी फोनवर चुकून काही पुसलं तर इथलंही जाईल?”

जाईल. आयमॅपमध्ये पुसणंही सगळीकडे पोचतं. जितकं इमानानं नवा मेल सगळीकडे दिसतो, तितक्याच इमानानं चूकही सगळीकडे पोचते. कचरापेटीत काही दिवस राहतं, पण त्या मुदतीवर नऊ वर्षांचं काम टांगायला त्या तयार नव्हत्या, आणि मलाही ते बरोबर वाटलं. शिवाय काही ग्राहकांच्या करारात जुना मजकूर बाहेरच्या साठ्यात ठेवू नये अशी अट होती. ती मला ठाऊक नव्हती. त्यांनी विचारलं नसतं तर मी सगळं वर चढवायचा आग्रह धरला असता.

ठरलं ते असं: गेल्या तीन वर्षांचे मेल सर्व्हरवर, अटवाले ग्राहक वगळून. बाकी सगळं प्रोग्रामच्या ‘स्थानिक फोल्डर’मध्ये, वर्षवार, आणि त्याची दर महिन्याला बाहेरच्या डिस्कवर प्रत.

चढवताना पाचपाचशेच्या तुकड्या केल्या, आणि दर वेळी ‘हलवा’ न म्हणता ‘नक्कल करा’ म्हटलं. हलवताना जोडणी मध्येच तुटली तर मेल नेमका कुठे आहे ते कळेनासं होतं. नक्कल तुटली तर मूळ जागच्या जागी असतो. तिसरी तुकडी ३१२वर अडकली. घाईत ती पूर्ण तुकडी पुन्हा चढवली आणि ३१२ मेल दोनदा झाले. प्रत्येक मेलच्या माथ्यावर त्याचा स्वतःचा ओळख क्रमांक असतो, त्यावरून जोड्या ओळखून काढणारं पूरक साधन वापरलं आणि जादा प्रती काढल्या. त्यापुढे प्रत्येक तुकडीनंतर दोन्हीकडचे आकडे कागदावर लिहून मगच पुढची घेतली. मेल सेवा एका दिवसात किती चढवू द्यायचं यालाही मर्यादा घालतात, गूगलची आयमॅपनं चढवायची मर्यादा दिवसाला ५०० एमबी आहे. म्हणून हे काम दोन दिवसांचं न राहता आठवडाभर पसरलं. उरलेल्या तुकड्या ताईंनी स्वतःच चढवल्या, रोज संध्याकाळी एक-दोन, आकडे लिहून.

‘पाठवलेले’ फोल्डर मात्र दोन झाले, एक फोननं मानलेला, एक नव्या प्रोग्रामनं आपणहून बनवलेला. प्रोग्रामला सर्व्हरवरचा जुनाच वापरायला सांगितलं, आणि दुसरा रिकामा करून काढला.

निष्पत्ती

चार महिन्यांनंतरची स्थिती. डेस्कटॉप, फोन, ब्राउझर तिन्हीकडे तेच मेल दिसतात. डेस्कटॉपवरून पाठवलेलं उत्तर फोनवरही सापडतं, याचं ताईंना अजून अप्रूप आहे. चढवलेले सगळे आकडे जुळले, फक्त चार मेल जुळले नाहीत. ते चारही जुन्या फाइलीत अर्धवट तुटलेले होते, बहुधा कधीतरी कॉम्प्युटर मध्येच बंद पडल्यानं. त्यातल्या दोघांचं मूळ पाठवणाऱ्याकडे मिळालं.

सगळंच मनासारखं झालं नाही. फोनवरचा शोध तीन वर्षांपलीकडे जात नाही, आणि ताईंना जुनी शब्दचर्चा नेमकी घराबाहेर असतानाच आठवते. बाकी जुनं पॉप खातं आम्ही तीन महिने तसंच निपचित ठेवलं, आणि सगळं स्थानिक फोल्डरांत आहे याची खात्री झाल्यावर काढलं. काढताना तीच चौकट पुन्हा आली. या वेळी ताईंनी ती शांतपणे वाचली, ‘साठाही पुसा’वरची टिचकी काढली आणि मग बटण दाबलं.

पुन्हा वेळ आली तर

फोनवर पहिलं वाक्य ‘थांबा’ हेच राहील, पण त्याला जोडून एक प्रश्न लगेच विचारीन: ब्राउझरमध्ये सर्वांत जुना मेल किती दिवसांपूर्वीचा दिसतो? या एका उत्तरानं मूळ प्रत कुठे आहे ते बसल्या जागी कळलं असतं आणि मी प्रत घ्यायला योग्य पेनड्राइव्ह घेऊनच निघालो असतो.

नवी आवृत्ती पहिल्यांदा उघडताना नेटची वायर माझ्या हातात असेल. प्रोग्रामला ‘ऑफलाइन’ सुरू करायची सोय असते, पण वायर काढलेली दिसते, आणि दिसणाऱ्या गोष्टीची आठवण वेगळी राहते. साइन-इनची खिडकी उघडली की ती कुठल्या खात्यासाठी आहे हे पाहिल्याशिवाय पासवर्ड टाकायला सांगणार नाही.

साठा कुठे ठेवायचा हे ठरवण्याआधी त्या मेलमध्ये काय आहे, त्यावर कुणाच्या अटी आहेत, हे विचारीन. मी जागेचा हिशेब करत होतो, ताई जबाबदारीचा करत होत्या.

ॲप पासवर्डचा सोपा पर्याय आम्ही टाळला, त्याबद्दल अजूनही मला पूर्ण खात्री नाही. प्रत घेऊन, चौदा दिवसांची अट काढून, तो पासवर्ड टाकला असता तर ताईंची दोन कामं त्याच दिवशी सुटली असती आणि आयमॅपचा संसार नंतर निवांत मांडता आला असता. त्यांनी तक्रार केली नाही, पण एका कामाची मुदत त्या आठवड्यात पुढे न्यावी लागली, आणि ते पत्र त्यांनी माझ्या शेजारी बसून लिहिलं.

आणखी एक गोष्ट राहून गेली आहे. दर महिन्याची प्रत नियमित होते, तारीख घातलेला फोल्डर दर वेळी दिसतो. पण ती डिस्क अजून डेस्कटॉपच्याच शेजारी, त्याच टेबलावर आहे. दुसरी प्रत घराबाहेर कुठे ठेवायची, आणि अटवाल्या ग्राहकांचे मेल त्यात असताना ती कुलूपबंद कशी करायची, हे आम्ही पुढच्या भेटीसाठी ठेवलं आहे.